बंदराची बोली

भुईगावात तिला सगळे आफ्रिकावाली वहिनी म्हणत. तिचं नाव क्लेमेंटीन. गावातला सिप्रियन नावाचा तरुण मोठ्या लढाईच्या आधी मुंबईहून आगबोटीने झांजिबारला गेला होता, तिथल्या एका गोवेकराच्या दुकानात शिंपीकाम करायला. लवकर परत येतो असं आईला सांगून गेला आणि पंचवीसेक वर्षं तिकडेच राहिला. क्लेमेंटीन त्या बेटावरचीच. तिची आई तिथल्या चर्चमधल्या फादरांचे झगे धुवायची, आणि त्याच चर्चमध्ये दोघांचं लग्न लागलं. मूलबाळ झालं नाही. चौसष्ट साली त्या बेटावरचं राज्य उलथलं, गल्ल्यांमधून बंदुका फिरायला लागल्या, तेव्हा नवराबायको ट्रंका घेऊन वसईला निघून आली.

वाडीतलं काहीच तिला परकं वाटलं नाही. नारळ, केळी, फणस, खाऱ्या वाऱ्याने करपलेली झाडांची टोकं, देवळाची, म्हणजे चर्चची, घंटा. सासूने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "तुमच्याकडे नारळ असतात का गं?" त्यावर सिप्रियन इतका हसला की त्याला ठसका लागला. क्लेमेंटीनने नारळाच्या दुधात लवंग घालून सुरमई केली तेव्हा सासू बोटं चाटत म्हणाली होती, "हे तर आपल्यासारखंच लागतंय." म्हातारी चांगली होती. पण ती गेली, आणि बहात्तर साली कावीळ होऊन सिप्रियनही गेला.

दीर प्लासिड आणि जाऊ पॉलिन यांच्याबरोबर ती राहू लागली. कुणी तिला वाईट वागवलं नाही. पॉलिन तर काही गोडधोड केलं की पहिली बशी तिला द्यायची. क्लेमेंटीनला मराठी येत होतं, पण ते कामापुरतं. विहिरीवरचं, बाजारातलं, कुणी आजारी पडलं तर विचारपूस करण्यापुरतं. मराठीत तिला भांडता यायचं नाही आणि थट्टाही करता यायची नाही. घरात सगळे हसले की ती थोड्या वेळाने हसायची, आणि तोवर बाकीच्यांचं हसून झालेलं असायचं.

सिप्रियन होता तोवर खोलीचं दार लोटलं की दोघं तिकडच्या स्वाहिली भाषेत बोलत. तो गेल्यावर ती काही दिवस कोंबड्यांशी त्या भाषेत बोलायची. शेजारची मुलं कुंपणापाशी उभी राहून तिची नक्कल करू लागली, तेव्हा तिने तेही सोडलं. संध्याकाळी रोझरीला सगळे मोठ्याने मराठीत प्रार्थना म्हणत. ती ओठ हलवायची, पण आत तिची प्रार्थना तिच्या आईच्या बोलीत चालायची. त्या बोलीला बाकी काही काम उरलं नव्हतं.

शहात्तर सालच्या निर्मळच्या जत्रेत पॉलिन तिला सुकी मासळी घ्यायला घेऊन गेली. जत्रेत अर्नाळ्याच्या कोळणी ओळीने बसल्या होत्या. मालन नावाची एक ठसठशीत बाई टोपल्यांमागे बसून भाव सांगत होती, आणि तिच्यामागे तिचा म्हातारा सासरा गोणीला टेकून डोळे मिटून बसला होता. पॉलिन भावावरून वाद घालत होती. क्लेमेंटीन वाकून सुके बांगडे वेचू लागली. मोजायची वेळ आली की ती अजूनही तिच्याच भाषेत मोजायची, ओठातल्या ओठात.

"मोजा, म्बिली, तातू, न्ने, तानो, सिता..."

"साबा," मागून कुणीतरी म्हणालं. "नाने. तिसा. कुमी."

तिच्या हातातला बांगडा टोपलीत पडला. म्हाताऱ्याने डोळे उघडले होते. तो गोणीवरून पुढे सरकला आणि त्याने तिच्या भाषेत विचारलं, "उनातोका वापी?" कुठून आलीस?

"उंगुजा," ती म्हणाली. तिकडची माणसं झांजिबारला उंगुजा म्हणतात.

"उंगुजा!" म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला. "मालिंदीचं बंदर! लवंगांची वखार! तिथल्या मशिदीमागे एक लंगडा कॉफी विकायचा..."

"तो मी लहान असतानाच वारला," क्लेमेंटीन म्हणाली, आणि खालच्या मातीत बसलीच. पॉलिन आणि मालन भाव विसरून दोघांकडे बघत राहिल्या. म्हातारा बोलत होता, क्लेमेंटीन उत्तर देत होती, आणि हसत होती. सगळ्यांच्या आधी हसत होती.

त्याचं नाव हरिश्चंद्र. तरुणपणी तो मुंबईहून मांडवीच्या एका व्यापाऱ्याच्या गलबतावर खलाशी म्हणून चढला होता. थंडी पडली की उत्तरेचा वारा सुटायचा. मग मंगलोरी कौलं भरून गलबत आफ्रिकेला निघायचं. तिकडे पोचलं की परतीचा वारा सुटेपर्यंत थांबावंच लागे. कधी दोन महिने, कधी त्याहून जास्त. सोपाऱ्याच्या जुन्या बंदरातून राजेरजवाड्यांच्या काळी गेलेल्या माणसांनाही असंच थांबावं लागलं असणार. त्या थांबण्यात हरिश्चंद्र तिकडची भाषा शिकला होता. ती सगळी बंदराची बोली, शिव्या आणि शीड ओढायच्या हाळ्यांनी भरलेली. पुढे गलबतांना इंजिनं आली, मालकाने धंदा मोडला आणि तो अर्नाळ्याला परतला. बायको वारली. गावात तो तिकडच्या गोष्टी सांगायचा तेव्हा पोरं म्हणायची, "म्हातारा फेकतोय." मग त्यानेही सांगणं सोडलं होतं.

त्या जत्रेनंतर दर गुरुवारी तो वसईच्या एसटीने येऊन निर्मळच्या नाक्यावर उतरायचा आणि चालत भुईगावला यायचा. दोघं घराच्या ओट्यावर बसत, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतील अशी. पॉलिन कोरा चहा आणून ठेवायची आणि सुपारी कातरत बाजूला बसायची. तिला मजा वाटायची.

"आता काय म्हणालात?" ती विचारायची.

"नानासी. म्हणजे अननस," क्लेमेंटीन सांगायची.

"आणि साबणाला?"

"सबुनी."

"मेजाला?"

"मेझा."

"अगं मग ही तर आमचीच भाषा!" पॉलिन म्हणायची. "कुणी कुणाची घेतली?"

"कोन जाने, बाय," हरिश्चंद्र म्हणायचा. "आमी जायच्या आधीच सगल्यांनी सगल्यांचं घेऊन झालेलं होतं."

पण एका शब्दाने घोटाळा केला. झांजिबारला दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे मोठा भाऊ. हरिश्चंद्र क्लेमेंटीनला दादा म्हणायचा आणि ती त्याला काका. पॉलिनला हे समजावून सांगायला बराच वेळ लागला आणि समजल्यावर ती पोट धरून हसली. बाकी गावाला कुणी समजावलं नाही. लोकांना एवढंच दिसत होतं की अर्नाळ्याचा एक विधुर कोळी दर आठवड्याला विधवा आफ्रिकावाल्या वहिनीकडे येतो, दोघं कुणाला न कळणाऱ्या भाषेत बोलतात आणि हसतात. प्लासिडला नाक्यावर कुणीतरी टोमणा मारला. त्याने घरी येऊन काही सांगितलं नाही, पण गुरुवारी तो ओट्यावरून न जाता मागच्या दाराने वाडीत जाऊ लागला.

उन्हाळ्यात मालन आली. मासळीची टोपली खाली ठेवली आणि पॉलिनला म्हणाली, "बाय, तुमच्या वहिनीला सांगा. आमच्या घरात लग्नाची पोरगी हाय. लोक काय काय बोलतात. म्हातारा माजं ऐकत नाय."

क्लेमेंटीन आतल्या खोलीत होती. एवढं मराठी तिला नीट समजलं.

पुढच्या गुरुवारी हरिश्चंद्र आला तेव्हा ती बाहेर गेली नाही. पॉलिनने सांगितलं, वहिनीला बरं नाही. तो म्हणाला, बसतो थोडा. क्लेमेंटीन खिडकीच्या फटीतून बघत होती. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. चहा निवला तरी त्याने घेतला नाही. मग त्याने घराकडे तोंड करून हळू आवाजात म्हटलं, "पोले, दादा." आजारी माणसाला, दुःखात असलेल्याला तिकडे असं म्हणतात. मराठीत त्याला नेमका शब्द नाही. तिने तोंडावर पदर दाबून धरला. तो उठला आणि गेला. त्यानंतर आणखी एकदा येऊन गेला, मग आला नाही.

पावसाळा तिने कसा काढला हे तिलाच ठाऊक. सिप्रियन गेला तेव्हा काय गेलं ते ठाऊक होतं. देवाने नेलं होतं. या वेळी तिने स्वतःच दार लावून घेतलं होतं. वाडीत पाणी तुंबलं, केळी आडव्या झाल्या, ती दिवसभर पॉलिनबरोबर चिखलात राबली आणि कामाशिवाय एक शब्द बोलली नाही.

"तुम्ही निरोप पाठवा ना त्यांना," पॉलिन एकदा म्हणाली. "बोलू दे लोकांना."

"त्यांच्या घरात मुलगी आहे," क्लेमेंटीन म्हणाली, आणि विषय संपला.

दिवाळी उलटून गेल्यावर एके दिवशी दुपारी मालन पुन्हा आली. या खेपेला टोपली नव्हती. केस विसकटलेले. ती ओट्याच्या पायरीवरच उभी राहिली.

"वहिनी, चला," ती म्हणाली. "आमच्या बाबांना लकवा मारलाय. उजवी बाजू गेली. डॉक्टर बोलले, वाचले तेच नशीब. पन बोलतात ते आमाला कायच समजत नाय. मराठी येतच नाय तोंडात. आधी वाटलं बडबडतायत, कोन बोललं बाहेरचं काय लागलं. मंग मला आठवलं, तुमच्याशी असंच बोलायचे."

क्लेमेंटीनने पायात चपला घातल्या आणि तशीच निघाली.

अर्नाळ्याच्या घरात खाटेवर हरिश्चंद्र निजला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं. पांडुरंग, त्याचा मुलगा, भिंतीला टेकून उभा होता. आठवडाभर बापाला काय हवंय ते न समजून तो रडकुंडीला आला होता. क्लेमेंटीन खाली बसली आणि म्हणाली, "हुजांबो, काका." बरं आहे ना?

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी ओघळलं. तो जड जिभेने काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतात?" पांडुरंगने विचारलं.

"म्हणतात, पाठीखाली काहीतरी टोचतंय."

त्यांनी त्याला कुशीवर वळवलं. गोधडीखाली सुपारीएवढी गाठ पडली होती दोराची. एवढे दिवस तो तेवढंच सांगत होता.

मग ती रोज जाऊ लागली. सकाळची एसटी धरायची, संध्याकाळी परतायची. प्लासिडने एकदाही कुठे चाललीस विचारलं नाही, उलट एके दिवशी वाडीतला केळ्यांचा फणा तिच्या पिशवीत घालून दिला. ती खाटेशेजारी बसायची आणि त्याचं बोलणं घरच्यांना सांगायची. बहुतेक वेळा साधंच असायचं. माजी, म्हणजे पाणी. ऊन डोळ्यांवर येतंय. पेज खारट झाली. कधीकधी तो गलबतावर असायचा आणि कुणाला तरी शीड उतरवायला सांगायचा. तेव्हा ती म्हणायची, उतरवलं, काका, आणि तो शांत व्हायचा.

त्याला सगळी माणसं ओळखू येत नव्हती. एकदा मालन त्याचे पाय तेलाने चोळत होती. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला, मग क्लेमेंटीनला काहीतरी म्हणाला.

"काय बोलले?" मालनने हात न थांबवता विचारलं. "दुकतंय?"

क्लेमेंटीन मराठी शब्द शोधत होती. "म्हणतात, ही बाई कोण मला माहीत नाही. पण हिचा हात फार चांगला आहे. हिच्या घरचे नशीबवान."

मालनचे हात थांबले. त्या घरात ती अठरा वर्षं नांदत होती आणि सासऱ्याने तिला कधी बरं म्हटलं नव्हतं, वाईटही म्हटलं नव्हतं. ती उठून चुलीपाशी गेली आणि पाठ करून बसली. थोड्या वेळाने परत येऊन तिने दुसरा पाय हातात घेतला.

"वहिनी," ती खाली बघत म्हणाली, "ते तुमाला दादा का म्हनतात? बाईमानसाला कोन दादा म्हनतं?"

"आमच्याकडे बहिणीला दादा म्हणतात."

मालनने तेलाची वाटी उगाच इकडची तिकडे केली. मग म्हणाली, "माज्यामुलं तुमचं येनं-जानं तुटलं."

"मीही बाहेर आले नाही त्या दिवशी," क्लेमेंटीन म्हणाली. त्यावर दोघींनी पुन्हा कधी बोलणं काढलं नाही.

नाताळ जवळ आला तशी थंडी वाढली. खाडीच्या बाजूने उत्तरेचा वारा घरात शिरू लागला. त्या वाऱ्याला तिकडे कास्काझी म्हणतात. म्हाताऱ्याने तोंड दाराकडे वळवलं आणि अचानक स्वच्छ आवाजात बोलला. इतका स्वच्छ की पांडुरंग आतून धावत आला.

"काय म्हणाले?"

"म्हणतात, वारा आला. मग आपण थांबलोय कशासाठी?"

"कुठे जायचंय त्यांना?"

क्लेमेंटीनने विचारलं. त्याने उत्तर दिलं. तिने त्याचं पांघरूण वर ओढलं.

"कुठे, वहिनी?"

"माझ्या गावाला," ती म्हणाली.

त्या गावाला परत जायचं तिच्या नशिबात नव्हतं. तिथे तिचं ओळखीचं कुणी उरलं होतं की नाही हेही तिला माहीत नव्हतं. आणि इथे अर्नाळ्याचा कोळी, ज्याच्या खाटेपासून समुद्र हाकेच्या अंतरावर, ज्याची सगळी माणसं भोवती, तो तिकडे निघाला होता. पांडुरंगने डोळे पुसले. "सांगा त्यांना, घेऊन जाते म्हणून. जे सांगायचं ते सांगा."

क्लेमेंटीनने त्याचा डावा हात हातात घेतला. "हाया, काका. त्वेंदे," ती म्हणाली. चल, निघू या. मग तिने त्याला वाट सांगायला सुरुवात केली. आता किनारा दिसेनासा झाला. आता पाण्याचा रंग बदलला. आता पक्षी दिसतायत. आता लवंगांचा वास येतोय. घरातल्या कुणालाच त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण सगळे खाटेभोवती उभे राहून ऐकत होते. तिचा आवाज बसेपर्यंत ती बोलत राहिली. म्हातारा ऐकता ऐकता झोपला. दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळेला, जेवणं उरकायच्या आत, तो गेला.

दहाव्याला किनाऱ्यावर ती पॉलिनबरोबर लांब, सुरूच्या झाडांपाशी उभी राहिली. आपण इथे कोण, हे तिला कळत नव्हतं. बायका मागे वळून बघत होत्या. तेवढ्यात मालन वाळू तुडवत त्यांच्याकडे आली.

"आत्याबाई, इथे काय उभ्या राहिल्यात? पुढे या," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, आणि दंडाला धरून तिला घरच्या बायकांमध्ये नेऊन उभं केलं. एका म्हातारीने सरकून जागा दिली.

आत्याबाई म्हटलं ते मालनने पाळलं. पोरीच्या लग्नात तिने क्लेमेंटीनला आत्याचा मान दिला, साडी दिली, पुढच्या रांगेत बसवलं. सणावारी पांडुरंग पापलेटं पोचवून जायचा. मालन स्वतः आली की तासभर ओट्यावर बसायची. दोघी मराठीत बोलत. मुलीच्या सासरचं, मासळी कमी लागते त्याचं, गुडघ्यांचं. मालनला माजी आणि पोले हे दोन शब्द येत होते, आणि ती निघताना न चुकता "पोले, आत्याबाई" म्हणायची. तो शब्द निरोप घेताना म्हणत नाहीत. क्लेमेंटीनने तिला कधी सांगितलं नाही.

असेच दोन हिवाळे गेले. एका सकाळी क्लेमेंटीन केळींना पाणी सोडायला वाडीत गेली. उन्हं अजून यायची होती. गवतावरून चालताना तिची पावलं ओली झाली आणि तिला वाटलं, याला काय म्हणतो आपण? मराठीत दव. सिप्रियनची आई दहिवर म्हणायची. पण तिच्या आईच्या भाषेत? आई सकाळी तिला अंगणात जाऊ द्यायची नाही, पाय भिजतील म्हणायची, त्या वाक्यात तो शब्द होता. ती पाटाच्या कडेला उभी राहिली. तिने आईचं ते वाक्य सुरुवातीपासून म्हणून पाहिलं. त्या जागेपर्यंत आली की पुढे काही येईना. पुन्हा म्हणून पाहिलं.

विचारायला कुणी नव्हतं. साऱ्या वसईत, अर्नाळ्यापासून नायगावपर्यंत, कुणी नव्हतं.

"वहिनी, पाणी वाहून चाललंय!" पॉलिनने मागच्या दारातून हाक मारली.

"आले," क्लेमेंटीन म्हणाली. तिने खाली वाकून पाटाचं तोंड मातीने बंद केलं आणि दुसऱ्या रांगेचं उघडलं.